ध्वनिक्षेपकांच्या तारा भिंतीत गाडण्याबाबत

आमच्या हॉलच्या भिंतीतून जवळजवळ पन्नास फूट वायर जाते आणि तिचा एक इंचही बाहेर दिसत नाही, हे वाक्य मला एकदा तरी पाहुण्यांसमोर म्हणायचं होतं. सहज, चहाचा कप पुढे करता करता. ते राहून गेलं. आता आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला मी काही सांगायची वेळच येत नाही. तो दारातच विचारतो, "हे भिंतीला काय झालं?"

आमची मुलगी क्षिप्रा अंधेरीत एका स्टुडिओत काम करते. चित्रपटांना, माहितीपटांना आवाज देते. स्वतःचा नाही, पाण्याचा, पावलांचा, दार लागल्याचा, लांब कुठेतरी कुत्रं भुंकल्याचा. तिनं काम केलेला एक माहितीपट पुरा झाला आणि तिनं मला त्याची लिंक पाठवली. चोवीस मिनिटांचा, खाडीवर मासे धरणाऱ्या बायकांबद्दलचा. मी तो नेरूळ स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभा राहून पाहिला. त्यात पहिली चार मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही. मी पडलो भाषांतरकार. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत इंग्रजी परिपत्रकांचं मराठी करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. शब्द येईपर्यंत मला करमत नाही. तरी शेवटपर्यंत पाहिला आणि 'छान आहे' असं कळवलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, कशावर ऐकलंस?"

"फोनवर."

"हेडफोन लावून?"

"नाही. रिक्षाच्या रांगेत होतो."

ती रागावली असती तर मी काहीतरी बाजू मांडली असती. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि आईकडे फोन दे म्हणाली. त्या 'बरं'चं भाषांतर करायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी वाशीच्या एका दुकानात जाऊन पाच स्पीकर आणि धडधड करणारा एक मोठा डबा असा सगळा संच घेऊन आलो, आणि क्षिप्राला कळवलं की महिनाअखेरच्या रविवारी घरी ये, तुझी फिल्म आपण सगळे नीट ऐकू. तिनं विचारलं, नीट म्हणजे कशी? मी म्हटलं, आलीस की बघशील.

दुकानाचा माणूस येऊन पाऊण तासात सगळं मांडून गेला. दोन स्पीकर पुढे, एक मधे, दोन सोफ्याच्या मागे. तो गेल्यावर हॉलमध्ये राहिल्या त्या वायरी. लाल-काळ्या जोडीच्या पाच, डब्याची सहावी, विजेच्या तीन, टीव्हीच्या किती ते मी मोजलं नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी काढलेली झाडं अशीच दिसायची.

माझी बायको स्मिता शाळेत गणित शिकवते. ती उत्तर आधी सांगते आणि रीत आपल्यावर सोडते. दोनच महिन्यांपूर्वी तिनं हॉलला नवा रंग लावून घेतला होता. त्या रंगासाठी चार ठिकाणी नमुन्याचे चौकोन मारून, सकाळ-संध्याकाळच्या उजेडात बघून, शेवटी एक मोतिया रंग नक्की झाला होता. तिनं दारात उभं राहून सगळा पसारा पाहिला आणि सांगितलं, "स्पीकर राहू देत. वायर एकही दिसता कामा नये." मग ती वह्या तपासायला आत गेली.

रीत मी शोधू लागलो. आधी वायरी गालिच्याखालून नेल्या. त्यामुळे गालिच्याला शिरा आल्या आणि स्मिता चहाचा ट्रे घेऊन त्यातल्या एका शिरेला अडखळली. मग दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं त्या भिंतीच्या कडेला चिकटवल्या. सकाळी त्या खाली आल्या होत्या आणि येताना मोतिया रंगाची दोन बोटं रुंदीची पट्टी सोबत घेऊन आल्या होत्या. मग प्लास्टिकची पट्टी आणली, जिच्या पोटात वायर बसते. ती पांढरीशुभ्र निघाली. स्मितानं सोफ्यावर बसून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, बँकेत बसल्यासारखं वाटतंय, आता माझा नंबर कधी येणार.

एव्हाना बातमी बाहेर गेली होती. माझ्या आयुष्यात महत्त्वाचे म्हणावेत असे अनेक प्रसंग आले, तेव्हा सोसायटीतल्या कोणी सल्ला दिला नाही. वायरींवर मात्र प्रत्येकाचा अभ्यास होता. शेजारच्या योगिनीताई म्हणाल्या, आजकाल वायर असलेलं घेतं कोण, परत करा आणि बिनवायरचं आणा. पार्कात सकाळी फिरणाऱ्या मंडळींत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, खोटं छत करून सगळं वर ढकला. दुसऱ्याचं म्हणणं, लादी उचला. आपलं घर मुळात राहण्यासाठी आहे हा मुद्दा कोणाच्याच बोलण्यात नव्हता. शेवटी सरळ मार्ग ठरला. भिंतीत बोटभर खोल झिरी पाडायची, तीत पाइप टाकायचा, पाइपातून वायरी न्यायच्या आणि वरून सिमेंट भरून रंग द्यायचा.

त्यासाठी सोसायटीची परवानगी लागते. आमचे सेक्रेटरी बाबासो खराडे मूळचे तासगावकडचे. माणूस सरळ आहे, फक्त कागदावर फार विश्वास. "एका अर्जाचा प्रश्न आहे बघा," ते म्हणाले, "द्या आणि मोकळं व्हा."

अर्ज म्हटल्यावर माझा हात शिवशिवला. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज शुद्ध करत आलो आहे. मी विषय लिहिला : 'सदनिका क्र. ३०४ मधील ध्वनिक्षेपकांच्या तारा भिंतीत गाडण्याबाबत.' खाली सुबक तीन परिच्छेद. एकही इंग्रजी शब्द नाही. स्वतःशी दोनदा वाचून मी तो दिला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली. अ विंगमधील ३०४ यांनी ध्वनिक्षेपक बसवण्याची परवानगी मागितली असून सभासदांनी हरकती लेखी द्याव्यात. संध्याकाळपर्यंत तीन हरकती आल्या. दोन दहावीच्या परीक्षेच्या, एक रक्तदाबाची. उत्सव मंडळाच्या मुलांनी घरी येऊन विचारलं की काका, गणपतीत आम्हाला द्याल का. योगिनीताईंनी स्मिताला स्वयंपाकघरात गाठून हळूच चौकशी केली की क्षिप्राचं काही ठरलंय का, म्हणजे कार्यक्रम मोठा दिसतोय. आणि सहाव्या मजल्यावरच्या एका आजी 'नेमकं काय गाडणार आहात?' असं विचारून गेल्या.

मी खराड्यांकडे गेलो. ते म्हणाले, सोसायटीनं होय म्हटलं तरी पोलिसांचा परवाना लागेलच. मी त्यांना शांतपणे समजावलं की टीव्हीचा आवाज ऐकायचे, पुस्तकाएवढे, घरातले स्पीकर आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं.

"मग स्पीकर म्हणायचं की, साहेब. ध्वनिक्षेपक म्हटलं की मला झाडावरचा कर्णाच दिसतोय."

मी दुसरा अर्ज लिहिला. 'स्पीकरच्या वायर कन्सील करण्याबाबत.' चार शब्दांत तीन इंग्रजी, आणि परवानगी अर्ध्या तासात. ज्या भाषेसाठी हयात घालवली तिनं असं भर सोसायटीत तोंडावर पाडावं, याचं मला वाईट वाटलं. ते मी कोणाला सांगितलं नाही. स्मिताला सांगितलं; ती म्हणाली, लोकांना कळेल असं लिहिलं की कामं होतात.

इलेक्ट्रिशियन म्हणून जयदेव म्हात्रे आला. घणसोली गावातला, पंचेचाळिशीचा, आमच्या भागातल्या निम्म्या घरांची वायरिंग त्याला पाठ आहे. त्यानं भिंतीला तीन-चार ठिकाणी बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "पोकल वाजतेय. इथं काहीतरी हाय." मी म्हटलं, काही नाही, मी एकोणीस वर्षं या घरात राहतो. त्यानं आणखी वाद घातला नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात त्याची चूक नव्हती.

कटर सुरू झाला आणि घरात विटांचा तांबडा धुरळा भरला. स्मितानं सगळ्यावर जुन्या चादरी टाकल्या होत्या. पुस्तकांवर, टीव्हीवर, देव्हाऱ्यावर. मी थोडा वेळ एका जागी बसलो तर माझ्यावरही एक आली. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराच्या सुमाराला कटरचा सूर बदलला. जयदेवनं मशीन बंद केलं. भिंतीतून बारीक रंगीत वायरींचा एक जुडगा बाहेर लोंबत होता, शेवयांसारखा, अर्धा तुटलेला.

"साहेब, ह्या तुमच्या नाय," जयदेव म्हणाला.

हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. मग खालून गेटवरचा वॉचमन मारोती ओरडताना ऐकू आला की इंटरकॉम बंद पडला.

बिल्डरनं अ विंगच्या अठ्ठावीस घरांच्या इंटरकॉमची केबल जवळचा रस्ता म्हणून आमच्या हॉलच्या भिंतीतून वर नेली होती. हे कुठल्याही नकाशात नव्हतं. संध्याकाळी पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. इंटरकॉम दुरुस्त करणारा माणूस चार दिवसांनी मिळणार होता. तोवर काय, यावर बराच खल झाला आणि खराड्यांनी तोडगा काढला. कोणाकडेही कोणी आलं की मारोतीनं ३०४च्या मोबाइलवर फोन करायचा, आणि ३०४नं ज्या त्या घरी फोन करून विचारायचं. अपराधी माणूस पटकन होकार देतो. मी दिला. शिवाय कामासाठी मी रजेवर होतोच.

अशा रीतीनं शासनाच्या वर्ग दोनच्या नोकरीतला मी, नंदकुमार खानोलकर, चार दिवस अ विंगचा इंटरकॉम होतो. सकाळी साडेसहाला दूधवाल्यापासून सुरू व्हायचं. "साहेब, चारशे एकची पोळीवाली बाई आली, सोडू का?" "साहेब, दोनशे तीनचा बिर्याणीवाला." मी २०३ला विचारायचो, ते म्हणायचे, आमची नाही, मग दबक्या आवाजात म्हणायचे, पाठवा, पण लिफ्टपाशी ठेवायला सांगा, घरात पथ्य चाललंय. पहिल्या दिवशी माझा अपमान झाल्यासारखं वाटत होतं. मी प्रत्येक वेळी "३०४मधून खानोलकर बोलतोय" असं स्पष्ट सांगायचो, म्हणजे निदान नोकर समजू नयेत. दुसऱ्या दिवसापासून सांगायची गरज राहिली नाही. लोक माझा आवाज ओळखायला लागले होते, आणि मीही त्यांचा. 'हॅलो'वरून कळायचं की घरात भांडण चालू आहे की माणूस आता झोपेतून उठला आहे. एकोणीस वर्षं ज्यांना लिफ्टमध्ये मान हलवली, त्यांचे आवाज मला माहीतच नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी उलटा फोन आला. ६०२चे कृष्णात सूर्यवंशी, एकटे राहतात, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी विचारलं, "माझ्याकडे कोणी आलं होतं का हो? म्हटलं, तुमचा फोन लागला नसेल."

नाही म्हणताना मला जड गेलं. मी म्हटलं, आलं की लगेच कळवतो. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना फोन केला, काही कारण नसताना.

गुरुवारी इंटरकॉम जोडला गेला. रंग पुसट झालेल्या छप्पन्न तारा जुळवताना योगिनीताई आणि खराडे यांची अदलाबदल झाली, आणि एक दिवस खराड्यांना भिशीच्या मैत्रिणी आल्याचे निरोप जात राहिले. तेही निस्तरलं. शुक्रवारी जयदेवनं आमच्या पाचही वायरी पाइपात बसवल्या. झिरी बुजवायच्या आधी एकदा वाजवून बघू, असं तो म्हणाला. मी क्षिप्राची फिल्म लावली.

सुरुवातीला पडदा मिनिटभर काळा असतो. नावंही येत नाहीत, फक्त आवाज असतो. रिक्षाच्या रांगेत मला वाटलं होतं की नेट गेलं. आता पाचही स्पीकरमधून पाण्याचा आवाज येऊ लागला. मला तो पाण्याचा आवाज वाटला, तेवढंच. जयदेव सोफ्यामागे स्टुलावर उभा राहून स्क्रू आवळत होता, टीव्हीकडे पाठ करून. त्याचा हात थांबला.

"ओहोटी लागली हाय," तो म्हणाला.

मी पडद्याकडे पाहिलं. तो काळाच होता. मी विचारलं, "कशावरून?"

"चिखल बोलतोय ना. भरतीचं पानी गप येतं. उतरायला लागलं की चिखलातली बिलं मोकली होतात, ती अशी चुटचुट वाजतात." तो तसाच पाठमोरा ऐकत राहिला. "आमच्या घनसोलीची खारी हाय ही. माझी आई निवट्या धरायला उतरायची तिथं. मी काठावर बसून ह्योच आवाज ऐकायचो." खारी म्हणजे खाडी, हे माझ्या ध्यानात आलं; निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे लहान मासे, हे त्यानं मला हातानं दाखवलं. मग विचारलं, "कोनी धरला हा आवाज?"

"माझ्या मुलीनं."

"मग चिखलात उतरली असनार ती. काठावरून असा येत नाय."

तो पुन्हा स्क्रूकडे वळला. मी मात्र बसून राहिलो. गेल्या डिसेंबरात एकदा क्षिप्रा सकाळीच घरी आली होती, गुडघ्याच्या वरपर्यंत चिखलानं माखलेली, हातात तिची यंत्रांची पिशवी उंच धरून. मी तिला लादी खराब होईल म्हणून दारातच थांबवलं होतं आणि जुना टॉवेल आणून दिला होता. कुठे गेली होतीस, हे विचारलं नव्हतं.

आणि त्याच्याही आधीचं एक होतं. चार वर्षांपूर्वी तिनं कॉम्प्युटरची चांगली चाललेली नोकरी सोडून आवाजाचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा स्मिताच्या भावाकडे जेवणाच्या पंगतीत कोणीतरी विषय काढला. मी म्हणालो होतो, "आवाज कमी-जास्त करायला शिक्षण कशाला लागतं? आमच्याकडे रिमोट आहे." सगळे हसले. क्षिप्राही हसली. मला वाटलं, विनोद चांगला झाला. त्यानंतर तिनं मला तिच्या कामातलं काही दाखवलं नाही. ती लिंक चार वर्षांतली पहिली होती.

जयदेव गेल्यावर मी फिल्म पुन्हा सुरुवातीपासून लावली. नुसतं पाणी. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकली, तेव्हा पाण्याच्या खालून ती चुटचुट ऐकू आली. आधी एक, मग चार, मग सगळीकडे, मागून, डाव्या कानाशी. पाणी मागे सरत होतं. मी जयदेवला फोन करून म्हटलं, रविवारी तुमच्या आईंना घेऊन या.

इथे गोष्ट संपली असती तर माझी लाज राहिली असती. पण भिंत राहिली होती. जयदेवनं झिऱ्या सिमेंटनं बुजवल्या, आणि रंग मी स्वतः द्यायचा ठरवलं, कारण उरलेला अर्धा डबा गॅलरीत होता. तो डबा वाळून विटेसारखा झाला होता. दुकानदारानं त्याच नंबरचा नवा रंग मिसळून दिला. ओला असताना अगदी तोच होता. वाळल्यावर भिंतीवरून एक फिकट पट्टा फिरलेला दिसू लागला. टीव्हीपासून निघून खिडकीला वळसा घालून सोफ्यामागे जाणारा, भूगोलाच्या पुस्तकातल्या नदीसारखा, मधून मधून उपनद्यांसह.

स्मितानं येऊन भिंत पाहिली. "आधी वायरी दिसत होत्या," ती म्हणाली. "आता त्या कुठून जातात तेही कळतंय." आणि ती हसायलाच लागली. गेल्या तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसत होती, म्हणून मीही हसलो. पण मनातून लागलं. निदान सोफ्यामागचा सगळ्यात वाईट टापू झाकावा म्हणून मी माझं एक फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र तिथे लावायचं ठरवलं. 'उत्कृष्ट शासकीय भाषांतराबद्दल' मला मिळालेलं. ते इतकी वर्षं कपाटावर होतं. या निमित्तानं ते हॉलमध्ये येईल, असाही एक विचार होता, नाकारत नाही. खिळा तीन घावांत आत गेला. इतका सहज गेला की मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं.

रविवारी क्षिप्रा तीन वाजता आली. पाच वाजता बाकीची मंडळी येणार होती. ज्यांना ज्यांना माझ्यामुळे त्रास झाला त्या सगळ्यांना बोलावलं होतं, आणि सूर्यवंशींना मी स्वतः वर जाऊन सांगून आलो होतो. क्षिप्रानं दारातूनच भिंत पाहिली. तिची नजर नदीच्या उगमापासून मुखापर्यंत गेली. तिनं पर्स आणि यंत्रांची पिशवी ठेवली, फोनवरून कसलासा खरखर आवाज स्पीकरवर लावला आणि हॉलच्या मध्यभागी उभी राहिली. दोन सेकंदही झाले नसतील.

"मागचा डावा बंद आहे."

जयदेव आई येसूबाईंना घेऊन लवकरच आला होता. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसलेल्या. जयदेव थेट सोफ्यामागे गेला. त्यानं प्रशस्तिपत्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फ्रेम उतरवून खिळा उपटला आणि हातावर ठेवून दाखवला. टोकाला तांब्याची एक बारीक तार अडकली होती. खिळा कोणी मारला हे त्यानं विचारलं नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

"भिंत परत फोडावी लागेल," तो म्हणाला. "आज नाय होनार."

मी खाली बसलो. तीन आठवडे, दोन अर्ज, अठ्ठावीस घरं आणि एक स्पीकर मुका. मी क्षिप्राला म्हटलं, चार तर चालू आहेत, मला वाटतं चालेल. तिनं फ्रेम उचलून वाचली, टेबलावर नीट उभी केली आणि तिच्या पिशवीतून काळ्या वायरीचं एक मोठं वेटोळं काढलं.

"मागून पाणी येतं, बाबा. तो लागेल."

तिनं ती वायर टीव्हीपासून सोफ्यामागच्या स्पीकरपर्यंत हॉलच्या मधून, लादीवरून, सर्वांसमक्ष ओढून नेली. मी स्मिताकडे बघायचं टाळलं. पाच मिनिटांनी बघतो तर स्मिताच गुडघ्यावर बसून ती लादीला टेपनं चिकटवत होती. मग ती दारात उभी राहिली आणि आलेल्या प्रत्येकाला सांगू लागली, "सांभाळून हं, वायर आहे." खराडे वायर ओलांडून आले, योगिनीताई आल्या, सूर्यवंशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. मारोती गेट सोडता येत नाही म्हणून आला नाही. त्याला चहा खाली गेला.

पडदे ओढून फिल्म लावली. काळा पडदा, आणि पाणी. खराडे हळूच म्हणाले, चित्र गेलं वाटतं. स्मितानं त्यांना गप्प केलं. मी क्षिप्राकडे बघत होतो. ती पडद्याकडे बघतच नव्हती, ती लोकांकडे बघत होती. मग ती चुटचुट सुरू झाली, आणि मागच्या डाव्या स्पीकरमधून कोणीतरी चिखलातून पाय उपसत चालत जवळ आलं.

येसूबाईंनी बसल्या जागी हात खाली नेला, लुगड्याचा काठ चिमटीत धरला आणि घोट्यावरून थोडा वर उचलला. त्यांचं त्यांना कळलंही नसेल. डोळे पुढेच होते. दोन्ही पाय लादीवरून जरा अधांतरी झाले होते.

क्षिप्रानं ते पाहिलं. तिनं खिडकीकडे तोंड केलं.

चोवीस मिनिटांनंतर दिवे लावले. येसूबाईंनी क्षिप्राला जवळ बोलावून तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "पायाला शिंपला लागला होता का गो?" क्षिप्रा हो म्हणाली, आणि टाचेवरचा वण तिनं त्यांना दाखवला. तो मला माहीत नव्हता. मग चहा झाला, खराड्यांनी जागेवरच तोंडी परवानगी देऊन टाकली की भिंत पुन्हा फोडायला अर्ज नको, आणि मंडळी एकेक करून वायर ओलांडून गेली.

स्मिता कप घेऊन आत गेली. क्षिप्रा लादीवरची टेप सोडवत होती. मी तिच्या समोर खाली बसलो.

"मला ओहोटी ऐकू आली नव्हती," मी म्हटलं. "जयदेवनं सांगितली. मग तीनदा ऐकल्यावर आली."

"बहुतेकांना तेवढं लागतं."

"आणि ते रिमोटचं मी जे बोललो होतो, ते चुकीचं होतं."

"कधी?" तिनं वर न बघता विचारलं.

"चार वर्षं झाली. मामाकडे, जेवताना."

ती टेप सोडवत राहिली. "मामी सांडगी मिरची वाढत होती तेव्हा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या शब्दांपैकी एकही कामाचा नव्हता. तिनं वायरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी ती हाताच्या कोपराभोवती गुंडाळू लागलो, आपण दोरी गुंडाळतो तशी. तिनं माझा हात धरून थांबवलं.

"अशी नाही. आतून पीळ पडतो आणि वायर मरते. एक वेढा असा घ्यायचा, आणि पुढचा उलटा. मनगट वळवायचं."

मी एक घेतला. दुसरा उलटा घेतला. तिसऱ्याला गोंधळ झाला आणि सगळा गुंता हातात आला. तिनं तो सोडवून दिला. आतून स्मितानं विचारलं, "झालं का रे तुमचं आवरून?"

"नाही," क्षिप्रा म्हणाली. "बाबा शिकतोय अजून."

मी सगळी वायर लादीवर सोडली आणि पहिल्या वेढ्यापासून सुरुवात केली.